हागीचा चहाचा वाडगा: बूड ओलं राहतं, आत ठिपके पडलेत. वापरू की कपाटात ठेवू?

मळ्यावरचा (पणजी)

मंडळी, माच्चा (हिरव्या चहाची बारीक भुकटी) घोटायचा हाताने घडवलेला जपानी वाडगा आहे, तिकडे चावान म्हणतात तो. पेटीवर हागी असं लिहिलंय. मापं अशी: तोंडाचा व्यास १२.४ सेंमी, उंची ७.९, बुडाच्या कडीचा व्यास ५.३, कोरडं वजन ३१८ ग्रॅम. रंग फिका, गुलाबी झाक असलेला. झिलईवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, केसासारख्या चिरांचं जाळं आहे. बुडाच्या कडीला झिलई नाही आणि तिथे एका जागी मुद्दाम कापल्यासारखी खाच आहे.

अडचण अशी की माच्चा करून अर्ध्या तासाने वाडगा उचलला की टेबलावर ओली कडी उमटते. धुऊन टेबलावरच उपडा घालतो. जुलैपासून आतल्या चिरांमध्ये करडे ठिपके दिसतात, आणि पेटी उघडली की ओलसर वास येतो, त्यात डांबराच्या गोळ्यांचाही.

विचारायचं एवढंच: वाडगा फुटका आहे का? रोज वापरण्याची ही वस्तू आहे की कपाटात ठेवून बघण्याची? आणि असाच दुसरा डिचोलीच्या मातीत घडवून घेता येईल का? मापं देऊन कोणाकडे जायचं तर काय काय सांगावं लागेल?

बुडाकडून_बघा

फुटका नाही. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. हागीचा आवाज खणखणीत नसतोच, लाकडासारखा बोदा येतो, पण तडा असेल तर त्यात खरखर मिसळते. खरखर नसेल तर पाणी झिरपणं हा या मातीचा स्वभाव आहे.

हागी यामागुची प्रांतातलं. १५९२ ते १५९८ या काळात कोरियावर स्वाऱ्या झाल्या, तिथून कुंभार आणले गेले आणि १६०४ च्या सुमारास मोरी घराण्याच्या आश्रयाने हागीत भट्टी पेटली. तिथली दाइदो नावाची माती वाळूसर आहे आणि भट्टीत ती काचेसारखी पूर्ण घट्ट होत नाही, भोकं उघडी राहतात. वर झिलई थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिला जाळं पडतं. पाणी चिरेतून मातीत शिरतं आणि झिलई नसलेल्या बुडातून बाहेर येतं. चहाचा रंगही त्याच वाटेने आत जाऊन बसतो आणि वाडगा वर्षानुवर्षं रंग बदलतो. ‘हागीचे सात बदल’ म्हणतात ते हेच. पुढे पुढे चहाचा गाळ चिरांत बसून झिरपणं कमी होतं. (खाचेवरून मात्र हागी ठरवू नका. तशी खाच कारात्सू या दुसऱ्या जपानी पद्धतीच्या आणि कोरियन वाडग्यांनाही असते.)

माती किती पाणी पिते ते मोजून घ्या. कोरडा वाडगा २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेरून पुसा आणि वजन करा. ३१८ चे ३४० झाले तर बावीस ग्रॅम पाणी, म्हणजे सुमारे ७ टक्के. धुऊन फडक्याने पुसलेला वाडगा कोरडा दिसतो, पण मातीच्या आत त्यातलं बरंच पाणी असतं. तो तसाच पेटीत घातला की बुरशीला हवं ते सगळं मिळालं: अंधार, ओल आणि चहा.

आता ठिपक्यांचं. मोठ्या पातेल्याच्या तळाला जुनं फडकं घाला, वाडगा थंड पाण्यात पूर्ण बुडवा आणि मंद आच लावा. उकळी यायला पंचवीस-तीस मिनिटं लागली पाहिजेत. घाई केली तर बूड आणि कड वेगवेगळ्या वेगाने तापून तडा जातो. पंधरा मिनिटं उकळू द्या, आच बंद करा, पाण्यातच निवू द्या. डाग राहिलेच तर औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, त्यात रात्रभर ठेवा, मग दोन दिवस साध्या पाण्यात, पाणी तीन-चार वेळा बदलून. कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच या मातीला लावू नका. ते आत बसतं, निघत नाही, आणि पुढचे कित्येक चहा तरणतलावाच्या वासाचे होतात. भांड्यांच्या साबणाचंही तेच. नुसतं कोमट पाणी आणि बोटं पुरतात.

टेबलावर उपडा घालणं बंद करा, आतली हवा कोंडते. रोवळीवर आडवा ठेवा, पंख्याखाली. गोव्यातल्या जुलैत त्याला चार-पाच दिवसही लागतात. ओव्हन असेल तर थंड ओव्हनमध्ये ठेवून ५०-६० अंशांवर दोन-तीन तास.

झिरपणं कमी करायला तांदळाच्या धुवणात वाडगा उकळण्याची रीत जपानात आहे. आपल्याकडे पेजेची निवळ आयती मिळते म्हणून मोह होईल, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. उकड्या तांदळाची निवळ कामाची नाही, उकड्यातून पिठूळपणा कमी सुटतो. सुरय, म्हणजे न उकडलेले, तांदूळ घ्या, किंवा एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ कालवा. कृती वरचीच, फक्त उकळी आल्यावर अर्धा तास आणि मग त्यातच निवेपर्यंत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: हे पावसाळ्यात करू नका. मातीत शिरलेलं पीठ वाळायच्या आत आंबतं आणि बुरशीला जेवण होतं. दिवाळीनंतर, कोरडी हवा लागली की करा.

डांबराच्या गोळ्या त्या कपाटातून आजच काढा. सच्छिद्र माती वास ओढून घेते आणि गरम पाणी ओतलं की परत सोडते. पेटी पावलोनिया लाकडाची असेल, ती वेगळी वाळवा. जपानात अशी भांडी हळदीने रंगवलेल्या पिवळ्या सुती कापडात गुंडाळायची चाल आहे, किडे लागू नयेत म्हणून. घरी तसं कापड करायचं मनात आलं तर वाडगा पूर्ण कोरडा असू द्या, नाहीतर बुडाला हळद चढेल.

विहिरीचं पाणी वापरत असाल तर तेही तपासा. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर ते चहातल्या टॅनिनशी मिळून काळपट होतं आणि चिरा चहाने रंगण्याआधीच काळ्या पडतात.

दोन_चमचे_माच्चा

वापरायचा की बघायचा, यावर. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केलेले चहाचे वाडगे आठ आहेत. पाच चिनी, एक कोरियन, आणि जपानात घडलेले दोनच: शिनो पद्धतीचा ‘उनोहानागाकी’ आणि होन्आमी कोएत्सूचा ‘फुजिसान’. कोरियन वाडगा किझाएमोन नावाचा, क्योतोच्या दाइतोकुजी मठातल्या कोहोआनमध्ये आहे. अनाम कुंभाराचा, बेढब, झिलई गोठून गुठळ्या झालेल्या बुडाचा. चहावाल्यांनी तो हातात धरून पारखला. काचेमागून बघितला असता तर कोणी दोनदा वळून बघितलं नसतं.

म्हणून तुमचा वाडगाही वापरूनच कळेल. आत, तळाशी, बोट फिरवा. मधोमध एक उथळ खळगा लागेल, तो चादामारी, शेवटचा घोट तिथे जमतो. त्याच्या भोवतीचा पट्टा म्हणजे बांबूची घोटणी, चासेन, जिथे घासते तो. हा पट्टा गुळगुळीत आणि गोलसर हवा. तिथे कोपरा असेल तर भुकटी त्यात अडकून गुठळी राहते, खरखर असेल तर चासेनच्या काड्यांची टोकं झडून चहात येतात. खोली कमी पडली तर घोटताना चहा बाहेर उडतो. तुमचा ७.९ म्हणजे उत्तम. उन्हाळ्यात वापरायचे पसरट वाडगे, हिराजावान, पाच-सहा सेंमी उंचीचे असतात. गोव्यात थंडीच नसल्याने लोक तेच आधी घेतात आणि मग टेबलभर हिरवे शिंतोडे पुसत बसतात. पहिला वाडगा मध्यम खोलीचाच असावा.

पातळ चहाला, म्हणजे उसुचाला, २ ग्रॅम माच्चा आणि ७० मिली पाणी, ७५ ते ८० अंश. आधी वाडगा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. ही पायरी हागीला चुकवू नका: माती साध्या पाण्याने भरलेली असेल तर चहा आत कमी ओढला जातो, डाग एकसारखा चढतो, आणि तापमानाचा धक्काही बसत नाही. मग त्यात गरम पाणी घालून चासेनची टोकं भिजवा, ते पाणी ओता, वाडगा आतून पुसा. भुकटी गाळणीतून चाळून घाला. पावसाळ्यात डबा उघडल्यावर दोन मिनिटांत ती दमट होऊन गोळे धरते. पाणी ओतून मनगटाने मागे-पुढे, इंग्रजी एम काढल्यासारखं, पंधरा-वीस सेकंद. चासेन तळावर दाबायची नाही, जेमतेम टेकेल इतकीच.

काठावरून अंगठा फिरवलात तर काठ कुठे जाड, कुठे पातळ, किंचित चढ-उतार लागेल. ओठ लावायची जागा मात्र बहुतेक वेळा सपाट ठेवलेली असते. वाडग्याची पुढची बाजू, जिथे झिलईचा ओघळ किंवा रंग उठून दिसतो, ती पाहुण्याकडे करून देतात आणि पाहुणा दोनदा थोडा थोडा घड्याळाच्या दिशेने फिरवून पितो, म्हणजे पुढच्या बाजूला ओठ लागत नाही.

आणि चासेन! ती वाडग्याच्या आधी बुरशी धरते. नुसत्या पाण्यात घोटून धुवा आणि उघड्यावर वाळवा, प्लास्टिकच्या नळकांड्यात परत घालू नका.

फोंड्याची_भट्टी

डिचोलीच्या मातीचं सरळ उत्तर: वाडगा होईल, हागी होणार नाही, आणि नुसत्या त्या मातीचा चहासाठी चांगलाही होणार नाही. आपली तांबडी माती लोहाने भरलेली. कुंभार ती आव्यात ८००-९०० अंशांना भाजतात, कारण मडक्याला तेवढंच हवं: पाणी पाझरून गार राहिलं पाहिजे. हीच माती स्टोनवेअरच्या (जास्त आचेवर दगडासारख्या घट्ट भाजणाऱ्या भांड्यांच्या) १२५० ला नेली तर ती फुगते, वाकते, शेवटी वितळून भट्टीच्या फळीला चिकटते. चाचणी घ्यायची तर खाली जुनं बिस्कचं (झिलईआधी एकदा भाजलेलं) ताट ठेवूनच.

मग तिचा उपयोग दोन ठिकाणी. तयार स्टोनवेअर मातीत १० ते १५ टक्के मिसळली तर रंग आणि खरखर येते. नाहीतर झिलईत: चाळलेली तांबडी माती ६० भाग आणि लाकडाची राख ४० भाग, १२८० ला छान तपकिरी-काळी उतरते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बाजूची माती असेल तर सांभाळून. तिच्यात मीठ असतं, ते वाळताना पृष्ठभागावर येऊन पांढरं फुटतं. शिंपल्यांचे कण असतात ते भाजल्यावर कळीचा चुना होतात, आणि दमट हवेत पाणी पिऊन फुगतात. महिन्याभराने वाडग्याच्या अंगावरून नखाएवढा टवका उडतो, खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. ६० मेशच्या चाळणीतून पातळ करून गाळलीत तर बराचसा त्रास जातो.

आता तुमची मापं. कुंभाराला भाजलेली मापं देऊन उपयोग नाही, ओली द्यावी लागतात. मातीचं एकूण आकुंचन विचारा. १२ टक्के असेल तर भाजलेलं माप ०.८८ ने भागा: तोंड १४.१, उंची ९, बुडाची कडी ६ सेंमी. गोळा ६००-६५० ग्रॅमचा. त्यातले शंभर-दीडशे तासण्यात जातात, बाकीचं पाण्याबरोबर, आणि हातात येतो ३५० च्या आसपास. ३०० च्या खाली गेला की गरम चहा धरवत नाही, ४५० च्या वर गेला की एका हाताने उचलताना मनगट कुरकुरतं. भिंत पोटाशी ५ मिमी, काठाशी ३ ते ४. ग्राहक पातळ मागतात, पण चहाच्या वाडग्याला कान नसतो. जाड भिंत आणि उंच बूड एवढंच बोटांना वाचवतं.

चाकावर काढताना तळ दाबून घ्या, मधोमधून काठाकडे आणि परत. तळात पाणी साचू देऊ नका, स्पंजने टिपा. हे राहिलं की वाळताना इंग्रजी एससारखा तडा हमखास. आतला तळ लाकडी चकतीने गोलसर करा, चादामारीचा खळगा शेवटी बोटाने. काठाला चामड्याची ओली पट्टी दोन वळसे धरली की ओठाला लागणारा खरखरीतपणा बसतो. मग मोह आवरा आणि काठ जसा आलाय तसा सोडा. मुद्दाम वाकवलेला काठ लांबूनही ओळखू येतो.

तासणं म्हणजे बूड कोरणं, आणि सगळी परीक्षा इथे. माती अशी हवी की नखाने रेघ उठते पण बोट रुतत नाही. त्याआधी तासली तर चिकटून येते, उशीर झाला तर तुकडे उडतात. कडी ६ ते ८ मिमी रुंद आणि एक सेंमीभर उंच, म्हणजे मधलं बोट कडीखाली आणि अंगठा काठावर ठेवून वाडगा उचलता येतो. कडीची टेकणारी कड किंचित गोल करा, नाहीतर टेबल ओरखडतं आणि तिचेच टवके उडतात. खाच हवी असेल तर आत्ताच, तारेने, एका झटक्यात.

पावसाळ्यात वाळवणं हेच मोठं काम. हवेत नव्वद टक्के दमटपणा असताना वाडगा वरून पांढरा दिसतो, गालाला लावला की गार लागतो. गार म्हणजे आत पाणी. पहिले तीन दिवस प्लास्टिकखाली, मग काठावर कागद आणि बूड उघडं, कारण काठ आधी वाळला तर बुडाशी ओढ बसते. एकूण दहा-बारा दिवस धरा. भट्टीत गेल्यावर रात्रभर ८०-९० अंश, झाकण बोटभर उघडं. इथे घाई केली तर शंभरच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते आणि बुडाचा जाड भाग फुटून शेजारच्या चार भांड्यांसकट जातो. पुढे ६०० पर्यंत तासाला १०० अंश (५७३ ला मातीतलं क्वार्ट्‌झ फुगतं, तिथे उड्या मारू नका), मग ९५० ला बिस्क. उतरताना १०० च्या वर असताना झाकण उघडू नका. बिस्क झालेला वाडगाही पावसात ओल ओढतो, आणि ओला बिस्क झिलई कमी पितो. झिलईत बुडवायच्या आधी गरम करून घ्या.

हागीचा दुधाळ पांढरा भातगवताच्या राखेतून येतो. त्याच्या जवळ जायचं तर आपल्याकडे भाताचा तूस आहे. तुसाची राख म्हणजे जवळपास नव्वद टक्के सिलिका. फेल्डस्पार (झिलईत घालतात ते खनिज), धुतलेली लाकडाची राख आणि तुसाची राख समान भाग, ही पहिली चाचणी, १२८० ला. मग एकेक पाच-पाच भागांनी हलवत जा. तूस पांढरा होईपर्यंत जाळा आणि खलात बारीक करा. काळा राहिला तर पाण्यात भिजत नाही, तरंगतो, आणि झिलई भट्टीत गोळा होऊन मधे उघडी जागा पडते. लाकडाची राख दोन-तीन पाण्यांनी धुवा, हातमोजे घालून. ते पाणी खारं असतं, कातडी सोलतं. बुडाच्या कडीपासून तीन-चार मिमी वरपर्यंत मेण लावा, ही झिलई धावते.

भाजून आला की वर सांगितलेली २४ तासांची पाणी-परीक्षा करा. आपण करणार तो वाडगा २-३ टक्क्यांच्या आत असावा. हागीसारखा पाझरता मुद्दाम करू नका, या हवेत ते सांभाळायची हौस सगळ्यांना नसते. झिलईत शिसं असलेलं काहीही नको. कच्च्या मालाच्या गोणीवर काय लिहिलंय ते विचारा. रंगीत झिलई असेल तर ४ टक्के आम्लाचं विनेगर २४ तास भरून ठेवा. चकाकी गेली किंवा रंग बदलला तर तो फूलदाणी म्हणून ठेवा. नाही बदलला तरी तेवढ्यावरून सुरक्षित म्हणता येत नाही, खात्री प्रयोगशाळेतच होते.

मळ्यावरचा (पणजी)

सगळ्यांचे आभार. खरखर नाही, बोदा आवाज आहे. गोळ्या काढल्या. उकळायच्या आधी नीट पाहिलं तर काठाला ६ मिमी लांबीचा टवका गेलेला दिसला, तुकडा सापडला नाही. सोनेरी जोड देणारा एपॉक्सीचा संच मिळतो, तो चालेल का? आणि जवळच एका ठिकाणी दोन दिवसांचं ‘जपानी राकू’ शिबिर आहे, तिथे दुसरा वाडगा करून चहाला वापरता येईल का?

काजूबी

एपॉक्सी काठाला नको. संचातली सोनेरी पूड बहुधा पितळेची असते, आणि साधं एपॉक्सी ऐंशी अंशांच्या पाण्याने मऊ पडतं. ओठ तिथेच लागणार. शोभेच्या भांड्याला खुशाल वापरा.

खरी किंत्सुगी, म्हणजे सोनेरी जोडाची जपानी दुरुस्ती, उरुशी लाखेने होते. उरुशी झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आपल्या काजू, आंबा, बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय किंवा काजूबिया सोलताना तेलाने हात भाजलेत, त्यांना उरुशी काय करते ते वेगळं सांगायला नको: खाज, फोड, दोन-तीन आठवडे. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठांवर पुरळ उठतं त्यांनी हे काम हातीच घेऊ नये. बाकीच्यांनी नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्या. अंगाला लागलीच तर आधी खोबरेल चोळून पुसायची, मग साबण. नुसतं पाणी घेतलं की ती पसरते. पूर्ण पक्की झाली की मात्र निर्धोक. जपानात जेवणाचे वाडगे तिनेच रंगवतात.

आधी वाडगा उकळून, ठिपके काढून, पूर्ण कोरडा करून घ्या. दुरुस्तीनंतर उकळता येणार नाही. टवक्याच्या कडा बारीक पॉलिश कागदाने मोडा, कच्ची उरुशी पातळ लावून पुसून घ्या. हागी ती शोषून घेईल, म्हणून भोवतीच्या झिलईवर आधी कागदी टेप लावा, नाहीतर चिरांमध्ये तपकिरी डाग कायमचा. मग भरण: तोनोको नावाची बारीक मातीची पूड पाण्यात घट्ट मळून त्यात उरुशी मिसळायची, सुरीने थापायची, एका वेळी एक मिमीच्या आत. प्रत्येक थर पक्का होऊ द्यायचा, पाण्याच्या पॉलिश कागदाने घासायचा, पुढचा लावायचा. ६ मिमीच्या टवक्याला तीन-चार थर पुरतात. त्यावर काळी उरुशी, घासणं, मग गेरूसारख्या तांबड्या बेंगारा रंगाच्या उरुशीचा अगदी पातळ हात. ती बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशी झाली की सोन्याची पूड मऊ कुंचल्याने. शेवटी पातळ उरुशीने पुसून घट्ट करायची. एकूण सहा आठवडे ते तीन महिने.

उरुशी वाळत नाही, ओल घेऊन पक्की होते, आणि इथे गोवा जपानच्या पुढे आहे. तिला २० ते ३० अंश आणि ७० ते ८५ टक्के दमटपणा लागतो. तिकडे त्यासाठी ओल्या फडक्यांची पेटी करतात. आपल्याकडे ऑगस्टात लाकडी खोका पुरे. उलट धोका असा की हवा नव्वदच्या वर गेली आणि हात जाड पडला तर वरची साय आधी धरते, खालची मऊ राहते, आणि सायीसारख्या सुरकुत्या येतात. मग खरवडून पहिल्यापासून. म्हणून पातळ, पातळ, पातळ. वातानुकूलित खोलीत मात्र ती आठवडाभर चिकटच राहील.

काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेलं ‘काश्यू’ नावाचं लाखेसारखं वॉर्निश जपानात मिळतं, स्वस्त आहे, अॅलर्जी कमी. आपला काजू म्हणून जीव ओढतो खरा, पण ओठ लागणाऱ्या जागी ते वापरू नका.

सोनं चढलं की मायक्रोवेव्ह विसरा. तसा हागीला तो आधीही नकोच होता, भिंतीतल्या पाण्याची वाफ होते.

फोंड्याची_भट्टी

राकूबद्दल. तिथे जा, मजा येते, पण केलेला वाडगा चहाला वापरू नका. लाल झालेलं भांडं चिमट्याने काढून भुशाच्या डब्यात घालून काळं करायचं, ही पद्धत पॉल सोल्डनर या अमेरिकन कुंभाराने १९६० मध्ये सुरू केली. साधारण १००० अंश, माती सच्छिद्र, झिलईला चिरा, आणि धातूची चमक आणायला तांब्याची संयुगं. ती चहात उतरू शकतात.

क्योतोचं राकू वेगळं. चोजिरो या कुंभाराने (मृत्यू १५८९) चहाचे आचार्य सेन नो रिक्यू यांच्यासाठी ते घडवलं, चाकाशिवाय: चपटी माती हाताने वर उचलून, मग सुरीने कोरून. काळ्या राकूच्या झिलईत कामो नदीचा दगड दळून घालतात आणि १२०० च्या आसपास तापलेला एकेक वाडगा भट्टीतून चिमट्याने ओढून काढतात. भुसा नाही, धूर नाही. अंगावर चिमट्याचा ठसा राहतो, तो पुसत नाहीत.

शिबिरात हाताने उचलून वाडगा घडवायला शिकवत असतील तर तेवढं नीट शिकून घ्या. तीच मातीची पद्धत, तोच वाडगा नंतर स्टोनवेअरमध्ये करता येतो.

बुडाकडून_बघा

एक राहिलं. उरुशी लावण्याआधी ‘पूर्ण कोरडा’ कसा ओळखायचा? गालाने नाही, काट्याने. उकळून झाल्यावर रोज एकाच वेळेला वजन करा. सलग तीन दिवस आकडा हलला नाही की कोरडा. आणि तो ३१८ नसेल. ते वजन जुलैच्या दमट पेटीतून काढून केलेलं असणार, तेव्हाच आत चार-पाच ग्रॅम पाणी असेल. नवा आकडा पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात आकडा दोन ग्रॅमने चढला की पेटी बंद करायची नाही.

मळ्यावरचा (पणजी)

उकळला, चार दिवस पंख्याखाली होता. आज ३१२, काल ३१२.५. अजून दोन दिवस थांबतो.